छोट्या फोर बाय फोरमध्ये रात्रभर निवांत झोपायचं कसं (खान्देशात फिरणाऱ्यांसाठी)

मारुतीच्या जिम्नीसारखी छोटी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळतो ती) गाडी घेतली की घरचे विचारतात एवढ्याशा गाडीत पाहुणे कुठं बसवणार, आणि आपल्या डोक्यात भलतंच चालू असतं की हिच्यात झोपता येईल का. येतं. चांगलं झोपता येतं, सहा फुटाच्या माणसालाही तिरपं होऊन येतं. पण लोक पहिलं काय करतात तर ऑनलाईन जाऊन फुगवायची गादी, दिव्यांच्या माळा, छोटा फ्रिज, टपावरचा तंबू असलं सगळं कार्टमध्ये टाकतात, आणि मग पहिल्याच रात्री दोन वाजता कंबर धरून बाहेर फेऱ्या मारतात. माझं म्हणणं सरळ आहे, गाडीत झोप दोनच गोष्टींमुळे मोडते, अंगाखालची जागा सपाट नसते नाहीतर हवा खेळत नाही. ह्या दोन जमल्या की बाकी सगळी हौस, आणि ह्या दोन्ही जमवायला लागतो एक सुतार, एक फोमवाला आणि एक रविवार.

उदाहरणं पाच दारांच्या जिम्नीची देतोय, २०२३ च्या जूनमध्ये बाजारात आली ती. बाकी गाडीवाल्यांनी मापं आपापली घ्यायची, पद्धत तीच.

आधी ऋतूचं बोलू

हे सगळ्यात पहिलं कारण इथंच बरेच जण फसतात. मनाली-लडाखचे व्हिडिओ बघून मे महिन्यात गाडीत झोपायचा प्लॅन करू नका भो. जळगाव-भुसावळला मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, आणि दिवसभर तापलेला पत्रा, काच, डॅशबोर्ड, सीटचा फोम हे सगळं रात्री बारापर्यंत उष्णता सोडत बसतं, बाहेरची हवाही तेव्हा तीसच्या आसपासच असते, त्यात दोन छोटे पंखे लावून काही होत नाही. उन्हाळ्यात आपल्या भागात एकच शहाणपण आहे, ढाब्यावर गाडी लावा, मालकाकडून बाज मागा, वर मच्छरदाणी बांधा आणि उघड्यावर झोपा. गाडी सामानाला ठेवा. उन्हाळ्यात गाडीतच झोपायचा हट्ट असेल तर तोरणमाळला वर चढा, अकराशे मीटरच्या वरती आहे, खाली शहाद्याच्या मानाने रात्री बराच फरक पडतो.

पावसाळ्यात दुसरं लफडं, आपली काळी माती. कोरडी असते तेव्हा सिमेंटसारखी कडक, आणि एक चांगली सर पडली की टायरला असा थर चढतो की खाचा दिसत नाहीत, मग फोर बाय फोर असो नाहीतर फोर लो (हळू पण जास्त जोराचा गिअर), चारही चाकं जागच्या जागी फिरतात. मऊ मातीत गाडीपेक्षा टायरची पकड महत्त्वाची आणि चिखल भरलेल्या टायरला पकड राहतच नाही. म्हणून आभाळ आलेलं दिसलं, अगदी मार्चमधलं अवकाळी जरी असलं, तरी रात्री शेतात, पांदीत गाडी लावायची नाही, मुरुम टाकलेली नाहीतर डांबराला लागून असलेली जागा बघायची.

राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हा आपला सीझन. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा डिसेंबरात दत्तजयंतीला भरते, हतनूर धरणावर बाहेरचे पक्षी आलेले असतात, वांग्याच्या भरताचे दिवस असतात. फक्त थंडीला कमी समजू नका, धुळ्याला पारा सात-आठच्याही खाली जातो आणि पत्र्याची गाडी पहाटे बाहेरच्याइतकीच गार होते. त्याचं पुढं सांगतो.

माप घ्या, अंदाज नको

जिम्नी बाहेरून ३९८५ मिलीमीटर लांब आणि १६४५ मिलीमीटर रुंद, म्हणजे साधारण तेरा फूट बाय साडेपाच फूट. ही बाहेरची रुंदी झाली, आतमध्ये दारांची जाडी आणि मागच्या चाकांच्या कमानी जातात, म्हणून आडवं झोपायचं मनातून काढून टाका, उभंच झोपायचं. डिकी सीट उभ्या असताना २०८ लिटर, मागच्या सीट पाडल्या की ३३२. हे आकडे बॅगा मोजायला ठीक आहेत, झोपायला टेपच लागतो.

टेप घेऊन तीन मापं घ्या. एक, मागच्या दारापासून पुढं सरकवलेल्या सीटच्या पाठीपर्यंत. दोन, तेच माप कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपं. तीन, सीट पाडल्यावर जो सगळ्यात उंच भाग येतो तिथून छतापर्यंत. तिसरं माप लोक घेतच नाहीत आणि मग एवढी जाड गादी आणतात की कुशीवर वळताना खांदा छताला लागायची पाळी येते. टेप घरच्यांना धरायला लावा आणि तुम्ही स्वतः आत झोपून बघा, आकड्यापेक्षा ते खरं.

दोन पद्धती आहेत

पहिली बिनखर्चाची. पुढच्या डाव्या सीटचं हेडरेस्ट काढायचं, सीट पूर्ण पुढं सरकवायची आणि पाठ पूर्ण मागं पाडायची, ती मागच्या सीटच्या बैठकीला येऊन टेकते आणि एक लांब पट्टा तयार होतो. डोकं मागं, पाय पुढं डॅशबोर्डकडं. एकटा माणूस असेल, अधेमधे कधीतरी झोपायचं असेल, किंवा रात्री गाडी चालवताना डोळे जड झाले म्हणून दोन-तीन तास पडायचं असेल तर हे भरपूर झालं. पण सीट बसायला बनवलेली असते, मधे कंबरेच्या जागी फुगवटा आणि बाजूला कडा, तिथं खड्डा-उंचवटा होतो. तो खड्डा भरायला घरातली गोधडी चौपदरी करून टाका, आणि वरून एक सलग गोधडी. खड्डे पहिले भरायचे आणि मग वर अंथरायचं, उलटं केलं तर गादी पण खड्ड्यात जाते.

दुसरी पद्धत फळीची. मागची सीट अर्धी-अर्धी पडते, त्यातली डावी बाजू पाडायची (दोघं असाल तर दोन्ही), पुढची सीट पूर्ण पुढं सरकवून पाठ पण पुढं झुकवायची, आणि मागच्या दारापासून पुढच्या सीटपर्यंत फळी टाकायची. सीट पाडली तरी डिकीची जमीन आणि पाडलेल्या सीटची पाठ एका पातळीत येत नाही, पायरी राहते, आणि सीटच्या पुढं पाय ठेवायच्या जागी मोठा खड्डा राहतो. फळीचं खरं काम हे दोन झाकायचं.

जुनी जिप्सी असेल, ज्यात मागं समोरासमोर बाकडी आहेत, तर तुमचं काम उलट सोपं आहे, दोन बाकड्यांवर आडवी फळी टाकली की पलंग तयार, फक्त टपाच्या कापडातून थंडी आणि चोर दोन्ही आत येतात.

फळी कशी करून घ्यायची

ह्याला वेळ द्या, कारण सगळी मजा नाहीतर सगळा वैताग इथंच आहे.

सुताराकडं जायच्या आधी फ्रिजच्या नाहीतर टीव्हीच्या दुकानातून मोठा खोका आणा. तो गाडीत पसरून चाकाच्या कमानी, दाराचे खांब, सीटबेल्टच्या हुकाची जागा, सगळं मार्करने आखून कात्रीने कापा, बसतंय का बघा, नाही बसलं तर परत कापा. पुठ्ठा वाया गेला तर कुणाला दुःख नाही, प्लाय वाया गेला तर सुतार आपल्या तोंडाकडं बघतो. हा कापलेला पुठ्ठा म्हणजेच तुमचा नकाशा, तो सुताराला द्यायचा. इंच सांगत बसायची गरज नाही. आमच्या इथल्या सुतारआबांनी पुठ्ठा उलटासुलटा करून बघितला, दारातल्या गाडीकडं बघितलं आणि म्हणे, "भाऊ, हाई गाडी शे का बाज शे?" पण काम चोख केलं.

प्लाय बारा मिलीमीटर घ्या. नऊचा माणसाखाली लवतो, अठराचा उगाच जड. दुकानदार दोन नंबर सांगेल, ३०३ म्हणजे साधा घरातल्या फर्निचरचा आणि ७१० म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन. ७१० महाग पडतो पण गाडीत ओलावा येतोच, श्वासाचा, ओल्या बुटांचा, सांडलेल्या पाण्याचा, म्हणून तोच बरा. आठ बाय चारची पूर्ण शीट वीस किलोच्या पुढं भरते, आपल्याला एका माणसाच्या फळीला त्यातली अर्धी-पाऊण लागते.

एकच लांब फळी करू नका, दारातून आत जात नाही आणि गेली तर दिवसा बसायला कुणाला जागा राहत नाही. तीन तुकडे करा आणि बिजागरीने जोडा, लांब पट्टीची पियानो बिजागरी मिळते ती लावा, सुट्या बिजागऱ्यांचा खटखट आवाज येतो. पहिला तुकडा डिकीत, त्याच्याखाली पायरीएवढ्या उंचीचे लाकडी ठोकळे, म्हणजे खाली जी पोकळी राहते तिथं टूलकिट, दोरी, एअर पंप मावतो. दुसरा तुकडा पाडलेल्या सीटच्या पाठीवर टेकतो. तिसरा तुकडा सीटच्या पुढच्या खड्ड्यावर जातो आणि त्याला स्वतःचे दोन पाय पाहिजेत, दुमडणारे, खाली गाडीच्या जमिनीपर्यंत. ह्या पायांवर कंजूषी नको, कुशीवर वळताना सगळं वजन कोपरावर येतं आणि कोपर नेमकं तिथंच पडतं. काही जण पायाऐवजी लोखंडी पेटी ठेवतात, उंची जमत असेल तर ते अजून भारी, पेटीत स्वयंपाकाचं सामान जातं.

कडा घासून गोल करा, आणि खालून-वरून कार्पेट चिकटवून घ्या, ते सीटकव्हरवाले लावून देतात. कार्पेट दिसायला नाही, आवाजाला. प्लाय प्लॅस्टिकवर घासला की प्रत्येक श्वासाला करकर करतो, शेजारचा माणूस सकाळी बोलत नाही मग. आणि फळी गाडीतल्या हुकांना पट्ट्याने बांधा. अचानक ब्रेक लागला तर दहा-बारा किलोची मोकळी फळी पुढच्याच्या मानेवर येते, ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

गादी

फुगवायच्या गादीचं मला फार कौतुक नाही. पहाटे थंडीत आतली हवा आकुंचन पावते, गादी ढिली होते आणि आपण समजतो पंक्चर झाली, शिवाय बाभळीचा एक काटा बुटातून आत आला की खरंच पंक्चर. पिंजाऱ्याकडची कापसाची गादी आपल्या भागात मस्त भरून मिळते, पण ती जड, आणि ओल धरते, आणि गाडीत दुमडून दुमडून कापसाचे गोळे होतात. फोम घ्या. तीन इंच पुरे. त्यातही खालचा दीड इंच रिबॉन्डेड, म्हणजे तो रंगीबेरंगी तुकड्यांचा कडक फोम, आणि वरचा दीड इंच साधा मऊ, चाळीसच्या आसपास घनता मागा. दुकानातच टेस्ट करा, कुशीवर झोपा, कंबरेचं हाड खाली टेकतंय असं वाटलं तर फोम बदला, पाठीवर झोपून सगळेच फोम छान वाटतात. गादी पण तीन तुकड्यांत आणि वर एक सलग खोळ, चेनची, म्हणजे धुता येते. तुकड्यांचे जोड आणि फळीच्या बिजागऱ्या एकावर एक येऊ देऊ नका, तेवढं सांगा त्याला.

सगळ्यात वर घरची गोधडी. सिंथेटिक चादर फोमवर घसरते, गोधडी जागेवर बसते.

गाडी कुठं लावायची

सगळ्यात सोपं, हायवेवरचा ढाबा. सुरत-धुळे-जळगाव-मुक्ताईनगर असा जो हायवे आहे, आता ५३ नंबर, पूर्वीचा ६, त्याच्यावर रात्रभर चालू असलेले ढाबे आहेत. आत जा, जेवा, आणि मग गल्ल्यावरच्या माणसाला सरळ सांगा, नाना, गाडी रातभर इथं लावतो, आत झोपतो, सकाळी चहा पिऊन निघतो. नाही म्हणणारा सहसा भेटत नाही, आणि सांगितलेलं असलं की रात्री कुणी टॉर्च मारून काच ठोकत नाही. लावताना ट्रकच्या रांगेत लावू नका, ते इंजिन चालू ठेवतात, पहाटे चारला हवा भरतात, हॉर्न वाजवतात, शिवाय रिव्हर्स घेताना आपली छोटी गाडी त्यांना आरशात दिसत नाही. भिंतीच्या कडेला, उजेडाच्या जवळ पण बरोबर खाली नाही, किडे येतात. जनरेटर आणि संडास कुठल्या बाजूला आहेत आणि वारा कुठून येतोय ते बघा.

पेट्रोल पंप, चोवीस तास चालणारा. कॅमेरा असतो, पाणी असतं. विचारून एका कडेला.

देवस्थानं. प्रकाशा, चांगदेव असल्या ठिकाणी आवारात विचारलं तर जागा मिळते, तिथं मात्र पाळायचं ते पाळा, गाडीत खाणं-पिणं कसलं ते कळलंच. खेड्यात असाल तर पोलीस पाटलांना नाहीतर सरपंचांना एक शब्द टाकून ठेवा. अनोळखी गाडी अंधारात उभी दिसली की गाव जागं होतं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

मित्राचा मळा हा सगळ्यात भारी पर्याय, फक्त केळीच्या बागेला अगदी चिकटून लावू नका. ठिबकचा ओलावा, डासांची फौज, आणि यावल-रावेर-चाळीसगाव पट्ट्यात बिबट्या बागेत, उसात असतोच. तो काच फोडून आत येत नाही हो, पण रात्री लघवीला तुम्ही बाहेर उतरणार आहात.

कुठं नाही ते पण ऐका. यावल, अनेर, गौताळा ह्या अभयारण्यांत परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, फॉरेस्टवाले उठवतील आणि केस पण करतील. पाटणादेवी त्याच गौताळ्यात येतं, तिथं आधी विचारा. रावेर तालुक्यातल्या पालला, तोरणमाळला विश्रामगृहाच्या आवारात विचारून लावणं बरं. तापीच्या पात्रात, धरणाच्या खालच्या अंगाला कधीच नाही, वर पाणी सोडलं तर खाली आभाळ कोरडं असताना पाणी वाढतं. नाल्यातल्या वाळूत तर अजिबात नाही. हायवेच्या कडेला पट्टी सोडून उभं राहणं पण नको, कारखाने चालू असले की बिनरिफ्लेक्टरच्या उसाच्या ट्रॉल्या आणि पेंगलेले ड्रायव्हर दोन्ही त्याच रस्त्यावर असतात. उंच झाडाखाली आधी वर बॅटरी मारून बघा, आग्या मोहोळ असेल तर दुसरं झाड शोधा.

गाडी समतल करणं

फळी सपाट असली तरी जमीन सपाट नसते. मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप लावा नाहीतर अर्धी भरलेली पाण्याची बाटली फळीवर आडवी ठेवा, कुठं पळते बघा. पुढं-मागं थोडा उतार चालतो, डोकं वरच्या बाजूला ठेवा म्हणजे झालं. डावं-उजवं मात्र अजिबात चालत नाही, झोपेत माणूस उताराच्या बाजूला सरकत राहतो आणि अंग रात्रभर सावरत राहतं, सकाळी उठल्यावर मार खाल्ल्यासारखं वाटतं. दोन सपाट फळकुटं गाडीत ठेवा, दीड-दोन इंच जाड, जी बाजू खाली आहे त्या चाकांपुढं ठेवून गाडी वर चढवा.

मग हँडब्रेक, गिअर, आणि टायरला दगड. फोर बाय फोरवाल्यांनी अजून एक बघायचं, ट्रान्सफर केसचा दांडा, म्हणजे जोर दोन चाकांना द्यायचा की चारही ते ठरवणारा गिअरजवळचा दुसरा दांडा. फोर एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) आणि फोर एल (म्हणजे फोर लो) ह्यांच्या मधे न्यूट्रल येतो, तिथं दांडा अडकून राहिला तर गाडी गिअरमध्ये असूनही चाकं मोकळी असतात, फक्त हँडब्रेकवर सगळं. झोपायच्या आधी दांडा टू एचमध्ये (दोनच चाकांवर) आहे हे हाताने चाचपून बघा.

हवा आणि जाळी

एसी लावून इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. कधीच नाही, अर्धा तास पण नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, वास येत नाही, आणि झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. थंडीत आत शेगडी, कोळसे, गॅसचा स्टोव्ह हे पण तसंच. स्वयंपाक बाहेर, शेकोटी बाहेर, आणि विझवून मग झोपा.

सगळ्या काचा बंद करून पण झोपू नका. एक माणूस रात्रभरात श्वासातून बरंच पाणी बाहेर टाकतो, दोघं असले की ते सगळं काचेवर आणि छतावर जमा होऊन पहाटे थेंब थेंब अंगावर. दोन काचा तिरप्या, म्हणजे पुढची डावी आणि मागची उजवी, दोन-दोन बोटं उघड्या ठेवायच्या. एकाच बाजूच्या दोन उघडल्या तर हवा आत फिरत नाही, तिथल्या तिथं जाते. दारांवर ते प्लॅस्टिकचे रेन व्हायझर असतील तर दव आणि पाऊस आत येत नाही, उघडी फट बाहेरून दिसत पण नाही.

डासांसाठी मागच्या दारांची तयार जाळी मिळते, अख्ख्या दाराला वरून घालायची, ती घातली की काच पूर्ण खाली घेता येते. घरी करायची तर कापडाच्या दुकानातून मच्छरदाणीची जाळी मीटरवर आणा, दाराच्या वरच्या मापापेक्षा चार बोटं मोठी कापा, कडेला छोटी लोहचुंबकं शिवून टाका, गाडीचा पत्रा ती धरून ठेवतो. गाडीत कॉईल लावू नका, एवढ्याशा जागेत तो धूर आपल्याच छातीत जातो, वर गादी पेटायची भीती.

पंखा छोटा, यूएसबीवरचा. तोंडावर मारण्यापेक्षा उघड्या काचेजवळ बाहेर तोंड करून लावून बघा, आतली दमट हवा बाहेर फेकतो आणि दुसऱ्या फटीतून ताजी येते.

पडदे आणि थंडी

काचा झाकल्याशिवाय झोप लागत नाही, ढाब्याचा हॅलोजन रात्रभर तोंडावर असतो. काळी फिल्म नको, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच मनाई केली, उगाच पोलिसांच्या तावडीत. चांदीसारखी चमकणारी बबल शीट मिळते, पत्र्याच्या शेडखाली लावतात ती. प्रत्येक काचेवर वर्तमानपत्र धरून माप काढा, शीट अर्धा इंच मोठी कापा म्हणजे रबरात दाबून बसते, चिकटवायला काही लागत नाही. एका बाजूला काळं कापड शिवा, ती बाजू बाहेर, म्हणजे लांबून आत कुणी आहे असं वाटतच नाही. मागच्या काचेला, पुढच्या मोठ्या काचेला सगळ्यांना करा, आणि तुकड्यावर मार्करने लिहून ठेवा कुठला कुठं, अंधारात सगळे सारखेच दिसतात. निघताना सगळे काढायचे.

ह्याच शीटमुळे थंडी पण अडते. खालून तीन इंच फोम असला की जमिनीची थंडी लागत नाही, मग राहतं वरचं. एक जाड ब्लँकेट आणि आत सुती चादर, कानटोपी, पायात मोजे. स्लीपिंग बॅग घेणार असाल तर पाच डिग्रीपर्यंतची आपल्याला बास, उणे वीसची घेऊन खान्देशात घामाघूम व्हायचं काय कारण. फार थंडी असेल तर रबराच्या पिशवीत गरम पाणी, पायाशी.

विजेचं गणित

पंखा पाच वॉटचा असेल तर वीस हजार एमएएचची पॉवर बँक दहा-बारा तास चालवते, गाडीच्या बॅटरीला हात पण लावू नका. बारा व्होल्टचा फ्रिज चाळीस-पंचेचाळीस वॉटचा असतो, तो रात्रभर सतत चालला तर तीसेक अँपिअर-तास खातो, छोट्या गाडीच्या बॅटरीत सकाळी स्टार्टर फिरवायला काही उरत नाही. फ्रिज पाहिजेच असेल तर त्याला वेगळी बॅटरी. मला विचाराल तर बर्फाचा डबा पुरतो. आतला दिवा दार उघडल्यावर लागतो तो बंदच करून टाका, डास पण येत नाहीत आणि बॅटरी पण वाचते.

झोपायच्या आधीचा अर्धा तास

जेवण आठपर्यंत उरका. शेवभाजीचा तो लाल तर्रीवाला रस्सा रात्री दहाला ओरपून लगेच ह्या खोक्यात आडवं झालात की जळजळ हमखास, आणि उठून बसायला पण डोक्यावर जागा नाही. कळण्याची भाकरी आणि भरीत हलकं पडतं, ते जास्त सोसतं.

बॅगा ड्रायव्हरच्या सीटवर टाका, पण चावी फिरवून निघता येईल एवढ्या पटकन उचलता येतील अशा. रात्री काही गडबड वाटली तर बाहेर न उतरता गाडी चालू करून निघता आलं पाहिजे, म्हणून तोंड रस्त्याकडं करूनच गाडी लावायची. चावी कायम एकाच ठिकाणी, हेडरेस्टच्या दांडीला अडकवा नाहीतर दाराच्या खणात, पण रोज तिथंच. मागचं दार बहुतेक गाड्यांना आतून उघडत नाही, म्हणून बाजूच्या एका दाराशी सामान नको.

लॉक रिमोटने करू नका, आतल्या खटक्याने करा. रिमोटने केलं की अलार्म चालू होतो आणि रात्री आतून दार उघडलं की अख्खा ढाबा जागा.

बूट आत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. बाहेर ठेवले तर सकाळी झटकून घाला, विंचू अंधारी, आडोशाची जागा शोधतो. बॅटरी उशीशी, पाण्याची बाटली हाताशी, ११२ नंबर माहीत असावा आणि घरी एकाला लोकेशन पाठवून ठेवा. बायकामाणसं बरोबर असतील तर संडासची सोय बघूनच जागा पक्की करा, बाकीचं नंतर.

आणि हे सगळं पहिल्यांदा गावाबाहेर करू नका. घराच्या अंगणात नाहीतर गल्लीत एक रात्र झोपून बघा, शेजारचे हसतील तर हसू द्या. पाय कुठं अडकतो, फळी कुठं वाजते, चष्मा कुठं ठेवायचा, हे घरी कळलं तर घरी उठून दुरुस्त करता येतं.

सकाळी

उठल्या उठल्या चारही दारं उघडा आणि गादीच्या खालची बाजू दहा मिनिटं उन्हात करा. फोम आणि प्लायच्या मधे ओल धरते, तशीच दुमडून ठेवली तर बुरशी येते आणि तो वास मग जात नाही. काचा पुसा आतून, ओल्या काचेवर ऊन आलं की समोरचं काही दिसत नाही. फळी दुमडून बांधा, टायरचे दगड काढा, फळकुटं उचला. थंडीत बॉनेटवर दोन थापा मारा, मांजर किंवा कुत्र्याचं पिल्लू गरम इंजिनला चिकटून बसलेलं असतं, मग स्टार्टर. ढाब्यावर झोपला असाल तर चहाचे पैसे देताना नानाला सांगून निघा, परतीच्या वाटेवर तीच जागा लागणार आहे.